टोपणांचा डबा

माझ्या सासऱ्यांचा आणि माझा एक करार आहे. घरी ते बाबा, कामावर मास्तर. मी हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागात लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवून तो केला. "वर गेल्यावर बाबा म्हणालीस तर लोक म्हणतील, सुनेला चिकटवली. आणि घरी मास्तर म्हणालीस तर तुझी सासू म्हणेल, यांना घरी आल्यावरही काम सुटत नाही." तीन वर्षं मी तो करार जिभेला गाठ मारून पाळला. तो मोडला कसा, त्याची ही गोष्ट.

कामावर मलाही दुसरं नाव आहे. सगळे मला चौकशीबाई म्हणतात. का, कसं, कशामुळे असले प्रश्न मला सारखे पडतात, आणि पडले की पोटात राहत नाहीत. त्यात नाकावर राग. नवरा म्हणतो, तुझ्याशी संसार म्हणजे रोजची तोंडी परीक्षा. म्हणेना बापडा, पास तर होतोय.

आमच्या हॉस्पिटलच्या दोन इमारती आहेत आणि मधून रस्ता जातो. जुन्या इमारतीत तपासणीची यंत्रं, नव्या इमारतीत ते फोटो वाचणारे डॉक्टर. रस्त्याखालून फायबरच्या आठ लाइनी गेल्या आहेत. फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू. त्यातून उजेड धावतो आणि उजेडाबरोबर तुमच्या मोडलेल्या हाडाचा फोटो या इमारतीतून त्या इमारतीत जातो. तंतूच्या दोन्ही टोकांना एकेक कनेक्टर असतो, करंगळीच्या पेराएवढा. त्याच्या तोंडाशी एक पांढरी काडी आणि काडीच्या बरोबर मधे काच. उजेड जातो तो त्या काचेच्याही मधल्या ठिपक्यातून, आणि तो ठिपका केसाच्या दहाव्या भागाएवढा. तिथे धुळीचा एक कण बसला किंवा बोट लागून बोटाचं तेल लागलं, की संपलं. लाइन मरत नाही, पण आजारी पडते. फोटो अडखळत येतात, अर्धे येतात, कधी येतच नाहीत. एवढ्याशा ठिपक्यावर अख्खं हॉस्पिटल चालतं हे कळलं तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

मास्तरांनी मला शिकवलेला पहिला धडा पुसण्याचा नव्हता, न बघण्याचा होता. "कनेक्टरच्या तोंडात डोळा घालायचा नाही. कधीच नाही. बंद आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी नाही. हा उजेड दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच वाईट. दिसला असता तर डोळा आपोआप मिटला असता." म्हणून आधी कॉम्प्युटरवरून पोर्ट, म्हणजे कनेक्टर जिथे खोचतात ते यंत्राचं तोंड, बंद करायचं, मग उजेड मोजणारं मीटर लावून खरंच अंधार आहे का ते तपासायचं, आणि मगच हात लावायचा.

दुसरा धडा: पाहा, पुसा, पुन्हा पाहा. पाहायचं ते स्कोपमधून. स्कोप म्हणजे टॉर्चएवढा कॅमेरा, त्याच्या वायरीला तळहाताएवढा पडदा. कनेक्टरचं टोक त्यावर पुरीएवढं गोल दिसतं आणि त्यावरची घाणही. पुसायला पेनासारखी पुसणी असते. टोकावर टेकवून दाबली की टक् होतं आणि आतली कोरडी फीत पुढे सरकते. घाण चिवट असेल तर धागे न सुटणाऱ्या कापडाच्या तुकड्याला स्पिरिटचा थेंब लावून एकदा ओलं, एकदा कोरडं. वापरलेल्या जागेवर पुन्हा पुसायचं नाही. मास्तर म्हणायचे, ज्या फडक्याने ओटा पुसला त्यानेच तोंड पुसशील का?

तिसरा धडा त्यांच्या स्वतःच्या मास्तरांकडून आलेला होता आणि तो ते सगळ्यात जोर देऊन सांगायचे. कनेक्टर उघडा ठेवायचा नाही. दोन क्षणांसाठीसुद्धा त्याच्या तोंडावर प्लास्टिकचं टोपण बसवायचं. "उघडं भांडं आणि उघडा कनेक्टर, दोन्हीत माशी पडते."

एकाच टोकाशी दोघं असलो, की टोक पुसून झाल्यावर मास्तर स्कोपचा पडदा माझ्या हातात द्यायचे. "तू बघ. तुला शिकायला हवं." गेलं वर्षभर त्यांचं हेच चाललं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस शेवटचा शब्द आपल्याला विचारतो म्हणजे काय!

तर त्या वर्षीची सफाई सुरू झाली. आठ लाइनी, एकेक करून. पहिली लाइन एक्स-रेची. सकाळी ती मास्तरांनी साफ केली आणि दुपारी एक्स-रेच्या डॉक्टरांचा फोन आला.

"अहो, तुम्ही काल काही केलं नव्हतं तेव्हा सगळं छान होतं," डॉक्टर म्हणाले. "आज बरगड्या दिसताहेत त्या वरच्या चार. खालच्या कुठे गेल्या?"

मी आणि मास्तरांनी मिळून ती पुन्हा साफ केली. बरगड्या परत आल्या. पुढे दोन लाइनी सुरळीत झाल्या, मग चौथी बिघडली, मग पाचवी. तीन आठवड्यांत पाच लाइनी साफ झाल्या आणि त्यांतल्या तीन साफ केल्यामुळेच आजारी पडल्या.

गुरुवारी आमच्या मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मॅडम विभागप्रमुख, वयाने मास्तरांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. वाईट बाई नाही. पण त्यांना वरून विचारणा झाली होती आणि त्यांच्या टेबलावर तीन तक्रारींचे कागद होते.

"मास्तर, स्पष्ट बोलते," त्या म्हणाल्या. "लाइन धडधाकट असते. तुम्ही हात लावता आणि ती पडते. म्हणजे रोग नव्हता, औषधाने झाला. कारण काय?"

"शोधतोय," मास्तर म्हणाले.

"शनिवारी दुपारपर्यंत शोधा. नाहीतर सोमवारपासून तुम्ही स्टोअर सांभाळा. उरलेल्या तीन लाइनी बाहेरचे लोक करतील." मग माझ्याकडे वळून, "अहवाल तू लिही."

आमचं स्टोअर म्हणजे तळघरातली एक खोली. तिथे मेलेले स्विच, गुंडाळलेल्या जुन्या केबल आणि एक खुर्ची आहे. त्या खुर्चीत बसून दिवसभर कुणी केबल मागायला येतं का याची वाट बघायची. मास्तरांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती. ज्या माणसाचे हात रविवारीही काहीतरी खोलत असतात त्याला चार वर्षं त्या खुर्चीत बसवायचं म्हणजे लोणच्याच्या बरणीत घालून झाकण लावण्यासारखं होतं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "स्टोअरमध्ये थंड असतं. उन्हाळ्यात बरं." मला रडू आलं, आणि रडू आलं की येतो तसा रागही आला.

त्या संध्याकाळी मी वहीत तक्ता मांडला. कुठली लाइन, कुठला दिवस, कुठली केबल, कुणी केली. डोळ्यांत तेल घालून बघत बसले. दिवसात काही नव्हतं, केबलमध्ये काही नव्हतं. शेवटच्या रकान्यात मात्र होतं. पहिली, चौथी, पाचवी: मास्तर एकटे. दुसरी, तिसरी: मास्तर आणि मी. ज्या आम्ही दोघांनी केल्या त्या चांगल्या, ज्या त्यांनी एकट्याने केल्या त्या वाईट.

प्रश्न पडणं ही हौस आहे, उत्तर सापडणं ही शिक्षा. मी वही मिटली.

स्वयंपाकघरात बाबा चहा गाळत होते. मी चोरासारखी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. हात हलत नव्हता. कपाबाहेर एक थेंब पडला नाही. नंतर ते बाहेरच्या खोलीत बसले आणि माझ्या मुलीने त्यांना पेपर वाचून दाखवला. ती दुसरीत आहे. रोज संध्याकाळी आजोबा तिच्याकडून पेपर मोठ्याने वाचून घेतात, तिचं वाचन सुधारावं म्हणून. तिचं वाचन सुधारलंय हे खरं. वर्गात ती 'पाणीपुरवठा अनियमित' असले शब्द बोलायला लागली आहे.

शुक्रवारी सकाळी मी कामावर त्यांना म्हटलं, "मास्तर, सहावी लाइन करूया. पण आज मी मदत करणार नाही. आज मी भिंत आहे. तुम्ही एकटे असताना करता तसं, जसंच्या तसं करा."

"माझी परीक्षा घेतेस होय?"

"घेते."

"भिंतीला कान असतात ऐकलं होतं. भिंत प्रश्न विचारते हे नवीन आहे," म्हणाले आणि कामाला लागले.

यंत्रांची खोली लहान आहे. दोन कपाटांएवढे रॅक, त्यात दिव्यांची लुकलुक, पंख्यांची घरघर. मी स्टुलावर बसले. मास्तरांनी कॉम्प्युटरवरून पोर्ट बंद केलं. कनेक्टर काढला, मीटर लावलं, अंधार आहे ते पाहिलं. मीटरवरचे आकडे मोठे आहेत, वर ते बोलतंही. मग पुसणी टेकवली. टक्. त्या हातांकडे बघत राहावं असं ते पुसणं होतं, ना जोर, ना घाई. पोर्टचं तोंडही पुसलं. टक्. स्कोप लावला, पडद्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली. "स्वच्छ." शर्टाच्या खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली, तीतून एक टोपण काढून कनेक्टरवर बसवलं आणि कनेक्टर हुकाला अडकवला.

"आता?" मी विचारलं.

"आता इकडचं न जोडता पलीकडे जायचं, म्हणजे तिकडच्या टोकातून चुकूनही उजेड येणार नाही; तिकडचं टोक करायचं, तिकडे जोडायचं, परत येऊन इकडे टोपण काढायचं, जोडायचं. भिंत बोलली बरं का." आणि ते रस्ता ओलांडायला गेले.

मी दहापर्यंत आकडे मोजले. मग उठले आणि टोपण काढून कनेक्टर स्कोपला लावला.

पडद्यावर चंद्र उगवतो तसं गोल टोक आलं. त्यावर बारीक बारीक थेंब पसरले होते, थंड ग्लासावर वाफ धरते तसे, आणि बरोबर मधोमध एक जाड डाग. कोरड्या धुळीचा नव्हता, चिकट होता. हे बघून मास्तर स्वच्छ म्हणाले?

मी पुसणी उचलली. टक्. डाग फिसकटला, गेला नाही. मग स्पिरिट, ओलं, कोरडं. पुन्हा पाहिलं. आता लख्ख होतं, खरोखर स्वच्छ. म्हणजे पुसलं की जातं. मग मास्तरांनी पुसल्यावर का गेलं नव्हतं? त्यांचा हात मी आताच पाहिला होता. त्या हातात खोट नव्हती. हे तोंडाने म्हटल्यावर मला पुढचा प्रश्न पडला: त्यांच्या पुसण्यानंतर आणि माझ्या बघण्याआधी या टोकाला काय काय लागलं?

फक्त टोपण.

तेच टोपण मी बसवलं, काढलं, पाहिलं. थेंब. पुन्हा पुसलं, स्वच्छ. स्टोअरमधून आणलेलं नवीन पाकीट फोडलं, त्यातलं टोपण बसवलं, काढलं, पाहिलं. काही नाही. पुन्हा जुनं. थेंब! मी मोठ्याने ओरडले, आणि रॅकचे पंखे सोडून ऐकायला कुणी नव्हतं. धूळ लागू नये म्हणून जे टोपण घालायचं तेच घाण लावत होतं. आम्ही दोघं असलो की एक या टोकाला, एक त्या टोकाला. पुसलं, पाहिलं, जोडलं, टोपणाची गरजच पडत नसे. मास्तर एकटे असले की रस्ता ओलांडावा लागे, आणि रस्ता ओलांडायचा तर टोपण. तक्त्यातला तो दुष्ट रकाना आता उलगडला.

पण टोपणाला तेल कुठून आलं? मास्तर डबी टेबलावर विसरून गेले होते. मी झाकण उघडलं, नाक लावलं, आणि जागच्या जागी बसले.

तो वास मी ओळखत होते. तो माझ्या टाचांचा होता.

सांगते. मला टाचांना भेगा पडतात. त्यावर लावायचं मलम अशाच चपट्या डबीत येतं. महिन्यापूर्वी मास्तरांची टोपणं ठेवायची प्लास्टिकची पिशवी फाटली होती, घरभर चांगलासा डबा शोधत फिरत होते. आणि मी, गुणाची सून, रिकामी झालेली मलमाची डबी गरम पाण्याने साबण लावून दोनदा धुतली, पुसली आणि त्यांना दिली. त्यांनी किती कौतुक केलं होतं! डबीच्या दुमडलेल्या कडेत मात्र मलम राहिलं होतं. मास्तर ती शर्टाच्या खिशात ठेवायचे. अंगाच्या उबेने मलम पाझरायचं आणि टोपणांच्या आत जाऊन बसायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. एक्स-रेच्या डॉक्टरांच्या बरगड्या माझ्या टाचांच्या मलमाने खाल्ल्या होत्या.

मी एकटीच हसायला लागले. खूप दिवसांनी एवढं हसले. मास्तर वाचले! हात त्यांचा नव्हता, डबी माझी होती. मी अहवालात तसं लिहीन, फार तर मॅडम मला चार शब्द सुनावतील. सुनावू देत.

मास्तर परत आले तेव्हा मी मुद्दाम थेंबांनी भरलेलं टोक स्कोपला लावून ठेवलं होतं. पडदा त्यांच्यासमोर धरला. "बघा! बघा काय आहे ते!"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मान जरा मागे नेली, मग पुढे आणली. माझा आनंदी चेहरा बघितला. आणि म्हणाले, "वा! लख्ख. एकदम लख्ख केलंस."

पडद्यावर मधोमध टिकलीएवढा काळा डाग होता.

मी काही बोलले नाही. बहुधा पहिल्यांदाच. माझ्या गप्प बसण्यानेच त्यांनी ओळखायचं ते ओळखलं. त्यांनी हळूच स्टूल ओढलं आणि बसले.

"नाहीये का स्वच्छ?" त्यांनी विचारलं.

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

करार मोडला तो इथे. त्यांनी मला टोकलं नाही.

"दीड वर्ष झालं असेल," ते म्हणाले. "मोठं दिसतं. माणसं दिसतात, रस्ता दिसतो. बारीक काही दिसत नाही. धुक्यात ठेवल्यासारखं. हातांना सगळं पाठ आहे, म्हणून निभलं."

गेल्या वर्षभरातलं 'तू बघ, तुला शिकायला हवं' माझ्या कानात वाजायला लागलं. माझी पोर 'पाणीपुरवठा अनियमित' वाचत होती तेही. सगळं डोळ्यांसमोर होतं. चौकशीबाई म्हणवून घेणाऱ्या मला तेवढा एक प्रश्न पडला नव्हता, कारण मला वाटलं होतं की माझं कौतुक चाललंय. मला त्यांचा राग आला आणि माझाही.

"तुम्ही मला शिकवलंत, पाहा, पुसा, पुन्हा पाहा," मी म्हटलं. आवाज चढला होता. "टोपण काढल्यावर जोडण्याआधी एकदा पाहायला नको होतं? तीन लाइनी गेल्या! एखाद्या पेशंटचं काही झालं असतं म्हणजे?"

"टोपणाखाली आहे म्हणजे स्वच्छच आहे असं धरून चाललो. आयुष्यभर तसंच धरलं. आणि पाहून तरी काय दिसणार होतं?"

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात? रस्ता ओलांडला की डोळ्यांचा विभाग आहे!"

"त्या विभागाची लाइन कोण बघतं? मीच. तिथे सगळे मला ओळखतात. एकाला कळलं की संध्याकाळी मॅडमना कळणार, आणि दुसऱ्या दिवशी स्टोअर. घरी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतंत. नेलंच असतंत."

मी त्यांना टोपणाचं सांगितलं. डबीचं सांगितलं, टाचांचंही. ते ऐकताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आधी कपाळाला आठी, मग ओठ थरथरले आणि मग ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे गेला महिनाभर मी तुझं मलम खिशात घेऊन फिरतोय! तरीच म्हटलं, शर्टाला वास कसला येतो. तुझी सासू रोज विचारते."

आम्ही दोघांनी मिळून ती लाइन नीट जोडली. त्यांनी पुसलं, मी पाहिलं. डबी कचऱ्यात गेली. निघताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अहवालात डबीचं लिही. खोटं नाही ते. बाकीचं नको."

खोटं नव्हतंच. कारण सापडलं होतं, पुराव्यानिशी. डबी गेली की बिघाड जाणार होता आणि मास्तरांचं स्टोअर टळणार होतं. संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसले. डबीचं सगळं लिहिलं, अगदी टाचांसकट. आणि मग पेन अडलं. उद्या डबी नसेल, पण टोपणाला दुसरं काही लागेल. धूळ लागेल, धागा लागेल. शेवटी कुणीतरी पाहायला हवं, आणि पाहणाऱ्याला दिसायला हवं. हे लिहिलं तर मी माझ्या हाताने त्यांना तळघरात पाठवणार. नाही लिहिलं तर एखाद्या दिवशी एखाद्याचा फोटो अर्धाच पोचणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रात्री जेवताना मी कुणाशी बोलले नाही. नवऱ्याने सासूबाईंना खुणेने विचारलं, त्यांनी खुणेने सांगितलं, माहीत नाही.

सकाळी अहवालाची वही टेबलावर उघडी होती. माझ्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने, मोठ्या, एकमेकांना ढकलणाऱ्या अक्षरांत आणखी तीन ओळी होत्या. अक्षर माझ्या मुलीचं होतं.

'डबी सुनेची होती पण टोपण काढल्यावर मी पाहिले नाही. मला दीड वर्ष बारीक दिसत नाही. म्हणून चूक माझी आहे.'

खाली मास्तरांची सही. सहीला डोळे लागत नाहीत, ती हातांना पाठ असते.

"आजोबांनी शुद्धलेखन घातलं," मुलगी दूध पिता पिता म्हणाली. "मी सगळं बरोबर लिहिलं ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून थोडा वेळ तशीच बसले.

शनिवारी बाराच्या आत आम्ही वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. मास्तरांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिसा रिकामा होता. मॅडमनी वाचायला सुरुवात केली. टाचांपाशी त्या खोकल्या. ते हसू होतं, लपवलेलं. मग पेन्सिलीच्या ओळींपाशी आल्या आणि वही जवळ ओढून घेतली.

"हे कुणी लिहिलंय?"

"नातीने," मास्तर म्हणाले. "मी सांगितलं तसं."

"दीड वर्ष तुम्ही न बघता कामं केलीत, मास्तर."

"पुसलं नीट, मॅडम. बघितलं नाही. चूक आहे. सोमवारी स्टोअरची किल्ली घेतो."

मॅडमनी वही मिटली. माझी बोटं साडीच्या पदरात गुंतली होती. मी ठरवून आले होते की एक शब्द बोलायचा नाही, आणि तोंड उघडणार एवढ्यात त्याच बोलल्या.

"सोमवारी स्टोअर नाही. सोमवारी रस्त्यापलीकडे, डोळ्यांचा विभाग. मी फोन करून ठेवते. डोळे बरे होईपर्यंत एकट्याने जोडायचं नाही. तुम्ही पुसा, ही पाहील. आणि यापुढे, कुणीही असो, टोपण काढल्यावर पाहिल्याशिवाय जोडायचं नाही. हे मी भिंतीवर लावते." मग माझ्याकडे बघून, "टाचांना दुसरं मलम घे. याला फार वास आहे म्हणतात."

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले. जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका लहान अंधाऱ्या खोलीत डोळ्याचा फोटो काढायचं यंत्र आहे. तिथल्या बाईंनी बाबांना हनुवटी टेकवायला सांगितलं, हलू नका म्हणाल्या, आणि यंत्रात एक हिरवा ठिपका लागला. हनुवटी टेकवायच्या आधी ते क्षणभर थबकले. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं, उजेडात डोळा घालायचा नाही.

"हा चालतो," मी म्हटलं. "हा दिसतो."

फोटो निघाला. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बाईंनी बघताक्षणीच सांगितलं. काढता येईल, पण काय ते डॉक्टर ठरवतील. डॉक्टर नव्या इमारतीत बसतात. "फोटो तिकडे पाठवते," म्हणाल्या आणि बटण दाबलं.

डोळ्यांच्या विभागाची लाइन म्हणजे सहावी. शुक्रवारची.

बाबा स्टुलावरून उठले नव्हते. मोतीबिंदूबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. दुखेल का, किती दिवस लागतील, काही नाही. कान मात्र टेबलावरच्या फोनकडे होते. फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकला, ठेवला.

"पोचला का?" बाबांनी विचारलं. "सगळा पोचला? की अर्धा?"

"सगळा पोचला हो आजोबा. तुमचे दोन्ही डोळे पोचले. एका सेकंदात."

त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"त्या दिवशी जोडण्याआधी शेवटचं तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं, बाबा," मी म्हटलं.